मुलांना घेऊन कोल्हापूरच्या बाजारात

अंबाबाईचं दर्शन आणि बाजार एकाच फेरीत उरकायचा बेत मुलं बरोबर असताना करू नये. पोरं रांगेतच दमतात आणि बाजारात शिरल्या शिरल्या ‘घरी चला’ सुरू होतं. त्यात मंगळवार, शुक्रवार किंवा नवरात्र असेल तर महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही जातो ते निव्वळ बाजारासाठी आणि सकाळीच. गाडी बिंदू चौकात लावायची, भवानी मंडपातून चालत महाद्वार गाठायचं आणि ताराबाई रोडने कपिलतीर्थ मार्केटमध्ये शिरायचं.

आत शिरण्याआधी प्रत्येक मुलाच्या हातात एक कापडी पिशवी, दहा-दहाच्या नोटांत 50 रुपये आणि तीनच जिनसांची यादी द्यावी: मेथीची एक पेंडी, पाव किलो गवारी, चार लिंबं. यादी याहून लांबली की मुलं कंटाळतात आणि मोठी माणसंच माळवं, म्हणजे भाजीपाला, घेऊ लागतात. शंभराची नोट दिली तर सुट्ट्यांच्या घोळात हिशेब बाजूला राहतो. या तीन जिनसा मुद्दाम निवडलेल्या आहेत: एक पेंडीवर, एक वजनावर, एक नगावर. पालेभाजी टवटवीत राहावी म्हणून तिच्यावर सारखं पाणी मारतात. वजनावर घेतली तर पाण्याचेही पैसे जातील, हे मुलांना ओली पेंडी झटकून दाखवलं की लगेच पटतं. गवारीची शेंग मोडायला सांगावी. कट्‌कन मोडली तर कोवळी, वाकून धागा निघाला तर जून. ‘जवारी (म्हणजे गावरान) आहे का?’ हा प्रश्न मुलांनीच विचारावा. मावश्या मग जवारी आणि संकरित वांगं शेजारी ठेवून दाखवतात, फक्त गिऱ्हाइकांची झुंबड नसावी.

लक्ष्मीपुरीचा आठवडी बाजार रविवारी भरतो. तिथं गर्दी जास्त, म्हणून पाच वर्षांखालचं मूल कडेवर घेता येणार असेल तरच जावं. उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्यांचे ढीग लागतात आणि ते दाखवायलाच हवेत. लांब, सुरकुतलेली, गडद लाल ती ब्याडगी. तिच्यामुळे तांबड्या रश्श्याला रंग येतो, तिखटपणा बेताचाच. बारीक लवंगी दिसायला साधी, पण जाळ तिचा. रस्सा जितका लाल तितका तिखट, ही मुलांची समजूत इथं सुटते. मिरचीला हात मात्र लावू देऊ नये. तिखटाचा अंश पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. नुसते हात धुऊन डोळे चोळले की डोळ्यांची आग होतेच. चुकून हात लागलाच तर आधी तेल चोळावं, मग साबण. कांडपाच्या गिरणीपासून तर लांबच राहावं, ठसक्याने लहान मुलं घाबरून जातात.

मिसळ खरेदी झाल्यावर. ‘कट (वरचा तिखट रस्सा) वेगळा द्या’ असं ऑर्डर देतानाच सांगावं. एकदा कट ओतला की वरून दही घालूनही सात वर्षांच्या मुलाला ती झेपत नाही. मुलांच्या ताटलीत उसळ, फरसाण, कांदा, दही आणि चमचाभर कट. पाव म्हणून इथं ब्रेडचे स्लाइस येतात, ते मुलांना सोयीचे पडतात. तोंड भाजलं तर पाणी देऊ नये, दही किंवा दूध द्यावं.

गंगावेशीला म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. पापाची तिकटी ओलांडून तिथवर चालत जाता येतं. धार काढताना मुलांनी जरूर पाहावं, पण कासेतून आलेलं न तापवलेलं दूध आम्ही लहानांना पाजत नाही; कच्च्या दुधातून जंतू पोटात जातात आणि लहान पोटाला ते सोसत नाहीत. बरोबर बरणी न्यावी, दूध घरी आणून नीट उकळावं.

गुळासाठी वेगळा दिवस ठेवावा. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली ती व्यापारपेठ म्हणून. गुळाचे सौदे आता शाहू मार्केट यार्डात सकाळी होतात, हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. 30 किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, ओळीने मांडलेले असतात. हमालांच्या वाटेत उभं राहू नये, मुलांचा हात धरून भिंतीकडेला थांबावं. घरी घेताना पिवळाधमक रवा टाळून तांबूस, फोडल्यावर कणीदार दिसणारा एक किलोचा रवा मागावा. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं, म्हणून फोडून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा.