पाऊसनोंद ॲप : तालुक्यांचं इनम मार्गी लागलं

बेळगाव जिल्ह्याच्या पाऊसनोंदीच्या ॲपमध्ये तालुक्यांची यादी आतापर्यंत दोन ठिकाणी लिहिलेली होती, एकदा इनममध्ये (कोडमधली ठरावीक नावांची यादी, प्रत्येक नावाला एक व्हॅल्यू) आणि पुन्हा ड्रॉपडाउनसाठी. आता ड्रॉपडाउन थेट इनममधूनच भरतो.

पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, म्हणून क्लासचं नावच 'तालुका' आहे. आत खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी वगैरे. लिस्ट(तालुका) म्हटलं की सगळे मेंबर, म्हणजे यादीतले तालुके, लिहिलेल्या क्रमाने हातात येतात. मग प्रत्येकाच्या नेममध्ये नाव, व्हॅल्यूमध्ये त्याला दिलेला आकडा. खानापूर मुद्दाम वर ठेवलंय, त्या तालुक्यातल्या कणकुंबीच्या नोंदी सगळ्यात जास्त असतात. (नेटवरून नाव कॉपी करत असाल तर झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) काढून टाका, पायथन तो नावात घेत नाही.)

सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे एलियस, एकाच मेंबरचं दुसरं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी, आमच्या जुन्या वह्यांत बेळगाव. तसंच सौंदत्ती आणि सवदत्ती. दोन्ही नावांना एकच व्हॅल्यू दिली की आधी लिहिलेलं नाव खरा मेंबर ठरतं आणि नंतरचं त्याचं एलियस. मी बेळगाव आधी लिहिलंय. त्यामुळे ड्रॉपडाउनमध्ये तालुका एकदाच दिसतो, पण सरकारी फाइलीतून 'बेळगावी' आलं तरी तालुका['बेळगावी'] त्याच मेंबरवर पोचतं. इंपोर्टच्या कोडमधल्या इफ-एल्सच्या ओळी त्यामुळे उडाल्या. एलियससकट सगळी नावं हवी असतील तर लिस्ट कामाची नाही, डबल अंडरस्कोरवालं मेंबर्स वापरायचं.

यात धोकाही आहे. गोकाक आणि रायबागला नजरचुकीने एकच आकडा पडला तर एक तालुका यादीतून गुपचूप गायब होईल, एररही येणार नाही. यावर युनिक हा डेकोरेटर (क्लासच्या वर लिहायची खूण) आहे, एकच व्हॅल्यू दोनदा आली की तो एरर देतो, पण तो मला हवे असलेले एलियसही नाकारतो. म्हणून छोटी टेस्ट लिहिली: मेंबर्समधलं ज्याचं नाव त्याच्या स्वतःच्या नेमशी जुळत नाही ते एलियस, आणि अशी नावं फक्त बेळगावी आणि सवदत्ती एवढीच असली पाहिजेत.

अँड्रॉइडची बाजू सांभाळणाऱ्या निपाणीच्या मित्रासाठी: कोटलिन या भाषेत इनमचं व्हॅल्यूज() दर वेळी नवा ॲरे बनवून देतं. १.९ पासून एंट्रीज आहे, तेच वापर. तिथे पायथनसारखे एलियस नाहीत, तेव्हा जुन्या-नव्या नावांचा मॅप वेगळा ठेवावा लागेल.

पुढचं काम नक्षत्रांचं इनम. मृग ते हस्त, पावसाच्या क्रमाने.