माती काय उजेड पाडणार?

"दिव्यासाठी काच आहे, कागद आहे, ॲक्रिलिक आहे. मग तुमच्या विद्यार्थ्यांना मातीच कशाला लागते? मातीतून उजेड जातो तरी का?" हे मला इतक्या वेळा विचारलं गेलंय की आता मी उत्तर देण्याऐवजी टेबलावरची एक पट्टी उचलून खिडकीशी धरते. पट्टी भाजलेल्या पोर्सिलेनची, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीची आहे. एका टोकाला 1 मिलिमीटर जाड, मग पायरी-पायरीने वाढत दुसऱ्या टोकाला 5. पातळ टोकामागे बोट नेलं की त्याची सावली दिसते. जाड टोकाला नुसती भिंत.

तर जातो उजेड, पण सगळ्या मातीतून नाही. लाल मातीत लोह भरपूर असतं, आणि हजारेक अंशांना भाजल्यावरही ती सच्छिद्रच राहते. तिच्यातून उजेड काढायचा तर भोकं पाडावी लागतात. नवी मुलं पहिल्यांदा हेच करतात. भिंतीवर नक्षी उमटते, फोटो झकास येतात. मला मात्र त्याचा कंटाळा आलाय. उजेड भोकांतून येतो, मातीला त्यात काहीच करावं लागत नाही.

पोर्सिलेनचं तसं नाही. केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पार व क्वार्ट्झ ही खनिजं यांचं हे मिश्रण 1250 ते 1300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि कणांमधल्या पोकळ्या भरून काढतो. उजेडाची खरी अडचण या पोकळ्यांतली हवाच असते. हवा आणि घन पदार्थ जिथे भेटतात तिथे किरण सर्वात जास्त विखुरतो. हवा गेली की त्याला वाट मिळते. तरीही क्वार्ट्झचे उरलेले कण आणि भाजताना तयार झालेले म्युलाइटचे स्फटिक त्याला इकडेतिकडे ढकलतच राहतात. म्हणून आरपार काही दिसत नाही, पण अख्खी भिंत उजळते आणि आत बल्ब नेमका कुठे आहे ते कळत नाही.

हवा घालवण्याची हीच गोष्ट कारखान्यातही चालते. 1950 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत रॉबर्ट कोबल यांनी ॲल्युमिनात (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडमध्ये) जरासा मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) मिसळून त्यातली छिद्रं जवळपास संपवली. सोडियमच्या दिव्यात तापलेल्या सोडियमच्या वाफेपुढे साधी काच टिकत नाही, या सिरॅमिकची नळी टिकते. रस्त्यावरच्या त्या पिवळट-केशरी दिव्यांच्या पोटात तीच असायची. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बरेच जण वर्षानुवर्षं सिरॅमिकमधून आलेल्या उजेडातच घरी परतलेत.

पण मी मुलांना याच्या मागे लावते त्याचं कारण वेगळंच आहे. कच्ची माती अपारदर्शक असते. हातात काम असतं तेव्हा उजेड दिसतच नाही. तो दिसतो वाळवून, भाजून, भट्टी थंड झाल्यावर, आणि तेव्हा बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं. पडद्यावर बटण दाबून दिवा लावायची सवय असलेल्या मुलांना हे फार जड जातं. कुठे किती उजेड हवा ते जाडीत ठरवायचं, आणि न बघता ठरवायचं. प्लास्टरच्या साच्यात स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, ओतली की साचा पाणी शोषतो आणि भिंत धरत जाते. पहिला थर भराभर बसतो, पुढे वेग मंदावतो. दुप्पट जाडीला साधारण चौपट वेळ लागतो. दोन मिनिटं गप्पा मारल्या तर दिवा मिणमिणता होतो.

या आंधळेपणावर जुन्या कारागिरांनी तोड काढली होती. 1827 मध्ये फ्रान्समध्ये बॅरन पॉल द बूर्गोआँ यांनी लिथोफेनचं पेटंट घेतलं. पोर्सिलेनच्या पातळ पत्र्यातलं हे चित्र मागून उजेड आला तरच दिसतं. ते आधी काचेवर पसरलेल्या मेणात कोरत. मेणातून उजेड जातो, त्यामुळे काचेमागून उजेड घेतला की सावल्या कोरतानाच दिसत. मग त्यावरून प्लास्टरचा साचा. हे सांगितल्यावर प्रत्येक वर्गात कुणीतरी म्हणतंच, "मग आम्हालाही मेणच द्या ना!" देते. पण दुसऱ्या सत्रात.

बाकी फजित्या नेहमीच्याच. होल्डरसाठी बरोब्बर 40 मिलिमीटरचं भोक ठेवायचं आणि 13 टक्के आकसून ते 35 वर आलेलं बघायचं. सगळ्यात वरच्या तापमानाला पोर्सिलेन मऊ पडतं, तेव्हा पातळ काठ खाली लोंबतो. विजेच्या भट्टीत उजेडाला पिवळसर छटा येते, गॅसच्या भट्टीत हवा कमी ठेवून भाजलं तर निळसर. हा फरक मातीतल्या अगदी किंचित लोहाचा असतो, पण मुलं बल्ब बदलून बघत बसतात. माझा स्वतःचा पहिला दिवा तर चहूबाजूंनी बंद होता. हवेला वाट ठेवायचं सुचलंच नाही, आणि एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा भाग) तापून आठवड्यात मेला. "काय उजेड पाडला!" हे वाक्य मी त्या आठवड्यात सगळ्यांकडून ऐकलं.

एका मुलीने साचा न वापरता, बोटांनी चेपत चेपत वाडगा केला. भाजून आला तेव्हा पांढराशुभ्र, गुळगुळीत, देखणा. आत दिवा लावला आणि तिच्या अंगठ्याचा प्रत्येक दाब उजेडाचा ठिपका होऊन समोर आला. एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ, जिथे ती कंटाळली होती तिथे नुसताच अंधार. ती ओशाळली, आणि मीही तिला बरं वाटावं म्हणून काहीतरी पोकळ बोलले. पुढचे दोन दिवस ती कॅलिपर घेऊन प्रत्येक ठिपक्याची जाडी मोजत वहीत उतरवत होती. मग तिने दुसरा वाडगा केला. या वेळी ठिपके तिने ठरवलेल्या जागी होते, खालून वर विरळ होत जाणारे. दोन्ही वाडगे टेबलावर शेजारी ठेवून तिने मला विचारलं, नवा कुठला? दोन्ही तितकेच पांढरे, तितकेच गुळगुळीत. मी चुकीच्या वाडग्याकडे बोट दाखवलं. ती काही न बोलता खोलीतला दिवा मालवायला गेली.