एस्केप दाबल्यावरचा एक सेकंद

रिमोट सर्व्हरवर विम या टेक्स्ट एडिटरमध्ये कीबोर्ड नीट चालेना झाला, की जो तो एकच सल्ला देतो: विमआरसीत, म्हणजे विमच्या सेटिंगच्या फाइलीत, या चार ओळी टाका. या सल्ल्याची मला आता चीड येते. बटण दाबल्यापासून विमपर्यंत मध्ये किती थर असतात, हे कुणी विचारतच नाही.

बाकीच्या तक्रारी पटकन मिटल्या. बॅकस्पेस दाबल्यावर ^? उमटायचं. काही टर्मिनल त्या बटणाला १२७ हा बाइट पाठवतात, काही ८. पलीकडे दुसऱ्याची अपेक्षा असली की घोळ. टर्मिनलच्या सेटिंगची कमांड म्हणजे एसटीटीवाय; 'एसटीटीवाय इरेज' लिहून स्पेस, मग कंट्रोल-व्ही, मग बॅकस्पेस, एंटर. संपलं. सर्व्हरला माझ्या नव्या टर्मिनलचं नावच माहीत नव्हतं, तेव्हा लॅपटॉपवर इन्फोसीएमपी या कमांडने त्याचं वर्णन काढलं आणि सर्व्हरवर ते बसवणाऱ्या टिक या कमांडला दिलं. ते होम डिरेक्टरीतल्या टर्मइन्फो फोल्डरमध्ये बसतं, रूटची, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खातेदाराची, मिनतवारी करावी लागत नाही.

अडलं ते एस्केपपाशी. इन्सर्ट मोडमधून, म्हणजे मजकूर टाइप करायच्या अवस्थेतून, बाहेर पडायला एस्केप दाबायचं आणि वाट बघायची. जवळजवळ एक सेकंद. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण हे बटण दिवसातून किती वेळा दाबलं जातं ते विमवाल्यांनाच ठाऊक. वर नवी ओळ उघडायला एस्केपपाठोपाठ कॅपिटल ओ दाबावा, तर स्क्रीन ढिम्म. "नेटवर्क स्लो असेल," हे ऐकून तर डोकंच फिरायचं. नेटवर्क स्लो असतं तर बाकीची अक्षरं कशी झटपट उमटली असती?

खरं कारण जुन्या टर्मिनलांपासून चालत आलंय. ॲरोची बटणं एक बाइट पाठवत नाहीत. वरचा ॲरो म्हणजे एस्केप, मग चौकटी कंस किंवा कॅपिटल ओ, मग कॅपिटल ए. एस्केपचं बटण मात्र एकटा २७ हा बाइट पाठवतं. तेव्हा २७ आला की समोरच्या प्रोग्रॅमला थांबावंच लागतं: पुढे काही येतंय, की माणसाने नुसतं एस्केप दाबलंय? किती थांबायचं हे प्रत्येक प्रोग्रॅम आपापलं ठरवतो. 'कंट्रोल आणि चौकटी कंस दाबा' असं सुचवणारेही भेटले. तोही २७च पाठवतो, मग फरक काय पडणार?

विममध्ये टीटाइमआउटलेन, म्हणजे असं किती मिलिसेकंद थांबायचं ते सेटिंग, ५० केलं. ढिम्म कायम. विम --क्लीन देऊन, म्हणजे माझी एकही सेटिंग न घेता उघडलं, तरी तेच. शेवटी एडिटर बाजूलाच ठेवला. टाइप केलेलं तसंच दाखवणारी कॅट ही साधी कमांड चालवून एस्केप दाबलं, तर ^[ ही एस्केपची खूणसुद्धा उशिराच उमटली! विम निर्दोष. (ही चाचणी सगळ्यात आधी करा. दहा सेकंदांचं काम आहे.)

दोषी टीमक्स, म्हणजे एकाच टर्मिनलमध्ये अनेक सेशन चालू ठेवणारा, टर्मिनल आणि विमच्या मध्ये बसणारा प्रोग्रॅम. त्याचा एस्केप-टाइम, म्हणजे एस्केपनंतर थांबायचा वेळ, पूर्वी मुळात ५०० मिलिसेकंद असायचा, ३.५ आवृत्तीपासून तो १० झाला, पण सर्व्हरवर अजून जुन्या आवृत्त्या बसलेल्या असतात. कॉन्फिग फाइलमध्ये १० लिहिलं, सेशन सोडून (डिटॅच) पुन्हा जोडलं (अटॅच). काही बदल नाही. कारण टीमक्सचा सर्व्हर मागे चालूच राहतो आणि ती फाइल फक्त सुरू होताना वाचतो. ती पुन्हा वाचायला लावायला सोर्स-फाइल ही कमांड द्यावी लागते. मग 'टीमक्स शो -एस एस्केप-टाइम' देऊन आकडा डोळ्यांनी बघा. फाइलमध्ये काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

आकडा १० दिसला. उशीर अर्धाच कमी झाला! लॅपटॉपवरही टीमक्स होता, त्याचेही ५००. दोघे एकामागोमाग थांबत होते, दोन नाक्यांवर दोनदा पावती फाडावी तसे. तिथेही १० केलं आणि एस्केप एस्केपसारखं वागलं. त्या संध्याकाळी काही काम नसताना मी उगाच इन्सर्टमध्ये जात-येत बसलो होतो.

आकडा शून्यावर मात्र नेऊ नका. लाइन खराब असताना ॲरोचे बाइट तुटून आले, तर पहिला तुकडा खरा एस्केप समजला जातो, मग ओमुळे वर नवी ओळ उघडते आणि तिच्यात ए उमटतो. फाइलमध्ये असे बेवारस ए-बी दिसले, तर हाच संशय घ्या.

हो, एक राहिलंच: स्क्रीन पूर्ण गोठली तर कनेक्शन तोडण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं आणि टर्मिनलच्या हिशेबी त्याचा अर्थ 'थांब' असा. 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' केलं की ती भानगड जाते.

कंट्रोल-आय आणि टॅब वेगळे ओळखून घ्यायचा नाद मात्र मी सोडला. दोन्ही ९ हाच बाइट पाठवतात, आणि विममध्ये टॅब बदलला की कंट्रोल-आयही बदलतो.