कलिंग आणि दीक्षाभूमी
आज दीक्षाभूमीच्या स्तूपासमोर उभा असताना मन सतत कलिंगयुद्धाकडे जात होते. इ.स.पूर्व २६१ च्या सुमारास झालेल्या त्या युद्धात १ लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसांना देशोधडीला लावले गेले आणि त्याहून कितीतरी अधिक माणसे नंतर मेली, हे विजेत्या अशोकाने स्वतःच तेराव्या शिलालेखात पश्चात्तापासह कोरून ठेवले. असा दुसरा विजेता मला तरी ठाऊक नाही. खुद्द कलिंगात, म्हणजे आजच्या ओडिशातील धौली आणि जौगड येथे, मात्र त्याने हा लेख कोरला नाही. तेथे सर्व माणसे आपली मुले आहेत, असे सांगून अधिकाऱ्यांना न्यायाने वागण्याची आज्ञा दिली. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो अनुयायांसह येथे धम्मदीक्षा घेताना अशोक विजयादशमीचाच, म्हणजे कलिंगयुद्धानंतर अशोकाने बौद्ध धम्म स्वीकारला असे मानले जाते तोच दिवस निवडला होता.