याप बेट: अमेरिकेचा व्हिसा आणि हातात हिरवी डहाळी

यापला जाताना खरी अडचण यापची नसते, ग्वामची असते. याप ज्या देशात येतं तो पॅसिफिकमधला मायक्रोनेशिया भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत बिनव्हिसा येऊ देतो. पण विमान धरायचं ग्वामहून, आणि ग्वाम म्हणजे अमेरिका. तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. काही देशांना ग्वामपुरती व्हिसामाफी आहे, त्यांत भारत नाही. म्हणून मी आधी व्हिसा हातात पडू दिला, मगच तिकीट काढलं. ग्वाम ते याप साधारण साडेआठशे किलोमीटर, पण आठवड्यातून विमानं मोजकीच. एक चुकलं की सगळा बेत कोलमडतो, तेव्हा ग्वामला एक रात्र हाताशी ठेवली. डॉलर रोख घेतले, १ आणि ५ च्या नोटा जास्त.

कोलोनिया हे यापच्या राजधानीचं छोटं गाव सोडलं की प्रत्येक वाट, नारळाचं झाड, अगदी किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रही कुणाचा तरी असतो. ‘चला, जरा समुद्रावर जाऊन येऊ’ हे इथे चालत नाही. राहण्याच्या ठिकाणी सांगून आधी गावाची परवानगी काढली. गावातून जाताना हातात हिरवी डहाळी धरायची. मी भांडायला आलेलो नाही, एवढाच तिचा अर्थ. समोर कोणी आलं की ‘मोगेथिन’ म्हणायचं. फोटो विचारूनच. बायकांनी मांड्या झाकायच्याच. पारंपरिक नाचात छाती उघडी असते त्यात कुणाला वावगं वाटत नाही, उघडी मांडी मात्र खटकते. जुन्या दगडी वाटांवर शेवाळ असतं, पावसानंतर साध्या चपलेने पाय सरकतोच.

दगडी पैसा, म्हणजे ‘राय’, वाटेच्या कडेला उभा दिसतो: जात्यासारखा गोल, मध्ये भोक, कडेला शेवाळाची हिरवी किनार. भोकातून वासा घालून तो उचलत. मोठ्यात मोठे साडेतीन मीटरच्या आसपास. दगड यापचा नाहीच. सुमारे साडेचारशे किलोमीटरवरच्या पलाऊमध्ये घडवून होड्यांनी, तराफ्यांनी आणलेला. किंमत नुसत्या आकारावर ठरत नाही. तो आणताना किती कष्ट पडले, कुणाचा जीव गेला, हेही धरलं जातं. एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ओ’कीफ या व्यापाऱ्याने लोखंडी हत्यारं आणि जहाज पुरवल्यावर मोठमोठे दगड आले, पण त्यांची पत कमीच राहिली. मालक बदलला तरी दगड जागचा हलत नाही. कुणाचा, हे गावाला ठाऊक असतं. त्यावर बसू नये, टेकूही नये.

सुपारीत आपण जाणकार, असं समजून मी फसलो. इथली सुपारी हिरवी, ओली. दाताने फोडायची, त्यात जाळलेल्या प्रवाळाचा चुना भुरभुरायचा, विड्याचं पान गुंडाळायचं आणि चावायचं. काथ नाही, गुलकंद नाही. चुना कोरडी पूड असल्याने हात सैल सुटतो, आणि तो थेट गालाला लागला की साल निघते. चिमटीपेक्षाही कमी पुरतो. बरेच जण तंबाखूही घालतात, तेव्हा तोंडात टाकण्याआधी विचारून घ्यावं.

मलेरिया नाही, पण डास भरपूर. २००७ साली झिकाची मोठी साथ इथेच आली होती. डासांचं मलम सोबतच न्यावं.