काका बाहेर गेले आणि कोरम तुटला

आमच्याकडे मीटिंगचं कार्यवाही विवरण, म्हणजे मिनिट्स, मीटिंगच्या आदल्या दिवशीच टाईप होऊन तयार असतं. बाहेरच्यांना सांगितलं की हसतात, पण खरंच असंच आहे. ‘सर्वसम्मति से निर्णय लिया गया’ हे वाक्य माझ्या कॉम्प्युटरमध्ये कायमचं बसलेलं आहे, मी वरची तारीख आणि खालचा आकडा तेवढा बदलते. मेंबर येतात, खोपरा पॅटिस खातात, सह्या करतात, जातात.

मी इंदूरच्या एका सरकारी दवाखान्यात सहायक ग्रेड-3 आहे, म्हणजे बाबू. बाई असले तरी बाबूच. रोगी कल्याण समितीची फाईल माझ्या टेबलावर. महाराष्ट्रात हिला रुग्ण कल्याण समिती म्हणतात, पण मूळ कल्पना आमच्या इंदूरची बरं का. 1994 मध्ये सुरतेत प्लेग आला, तेव्हा इकडे एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलातले उंदीर आठवून सगळ्यांच्या पोटात गोळा आला, मग हॉस्पिटल रिकामं करून धुऊन काढलं आणि पुढे ते नीट चालावं म्हणून लोकांची समिती, थोडी फी, थोडी देणगी असं सुरू झालं. 2005 मध्ये एनआरएचएम, म्हणजे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, आलं आणि हीच समिती देशभर गेली. तर या समितीत काही मेंबर पदेन, म्हणजे खुर्चीमुळे आलेले, आणि काही अशासकीय, म्हणजे शहरातले मान्यवर, ज्यांना एक रुपया मिळत नाही.

काका, म्हणजे ज्या मेंबरना मी काका म्हणते ते, अशासकीय. बँकेतून रिटायर झालेले, लोकमान्य नगरातले. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे, एकटी असले की ‘अगं, त्या ड्रेसिंग रूमच्या नळाचं काय झालं?’ स्वतः वॉर्डात फिरणारा मेंबर मी तरी हा एकच पाहिला, बाकीच्यांना ओपीडी कुठल्या बाजूला आहे तेही विचारावं लागेल.

ही भानगड सुरू झाली 10 रुपयांच्या एका अर्जामुळे. माहितीच्या अधिकारात कोणीतरी विचारलं की मागच्या तीन वर्षांत समितीच्या मेंबरांच्या नातेवाईकांना काही काम दिलं का. मी रजिस्टर, कॅशबुक, नोटशीट सगळं उलटंपालटं केलं आणि शेवटी उत्तर लिहिलं, ‘जानकारी अभिलेख में उपलब्ध नहीं है।’ खोटं नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं तर अभिलेखात येणार कुठून? पण ते वाक्य मला टोचत राहिलं. त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये लिहिलंय की कोणकोणत्या समित्या आहेत, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, मिनिट्स पाहायला मिळतात का, हे ऑफिसनं न मागता जाहीर करायचं. आमच्या नोटीस बोर्डावर काय होतं, तर हरवलेल्या ओळखपत्राची सूचना, तीही जुनी.

माझी भाची सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरीचा कोर्स, करते. ती म्हणाली, मावशी, कंपनीत डायरेक्टर एमबीपी-1 नावाचा फॉर्म भरतो, कुठे कुठे माझा हितसंबंध आहे म्हणून, आणि तो विषय आला की मीटिंगमध्ये भाग घ्यायचा नसतो. मी त्यावरून तीन ओळींचा हिंदी फॉर्म बनवला, आजच्या विषयांत माझा किंवा माझ्या नातेवाईकाचा हितसंबंध आहे/नाही, असल्यास तपशील, सही. वरून असा काही आदेश आलेला नव्हता, अध्यक्ष साहेब म्हणाले, ‘रख दो, कागज ही तो है।’

एप्रिलची मीटिंग. विषय क्रमांक 3, ओपीडीसाठी दोन वॉटर कूलर, आरओसकट. मटक्यांवर काम चालू होतं आणि दुपारी बारानंतर मटक्यातलं पाणीसुद्धा कोमट. तीन कोटेशन आली होती. आता माझ्या तुलनात्मक पत्रकाबद्दल दोन शब्द बोलतेच, कारण कोणी कौतुक करत नाही. लिफाफा उघडायच्या आधी चिकटवलेल्या कडेवर तारखेसकट सही, आतल्या प्रत्येक पानावर सही, रेट आकड्यात आणि अक्षरात जुळतो का ते बघायचं, जीएसटी वेगळा काढायचा, कोणी भाडं धरून लिहितो कोणी न धरता, ते एका पातळीवर आणायचं, टाकी किती लिटरची, कॉम्प्रेसरची वॉरंटी किती वर्षांची, सगळं एका आडव्या कागदावर, व्हाईटनर शून्य. अर्धी चोरी याच कागदावर होते म्हणून मी तो कोणाच्या हातात देत नाही.

आणि त्यातच एका लेटरहेडवरचा पत्ता बघून थांबले. हे दुकान काकांच्या घराखालचं होतं. मी तिथे हळदीकुंकवाला जाऊन आलेले. रेट सगळ्यात कमी त्यांचाच.

मी कोणाला काही बोलले नाही. फॉर्म फोल्डरमध्ये ठेवले आणि गप्प बसले. हे बरोबर केलं का, अजून ठरत नाहीये, आदल्या दिवशी काकांना एक फोन करता आला असता.

नऊपैकी पाच मेंबर आले. आमच्या नियमावलीत कोरम, म्हणजे निर्णय घ्यायला लागणारी किमान हजेरी, पाचचाच. चौघांनी न वाचता ‘निरंक’, म्हणजे काही नाही, लिहून सही ठोकली, त्यातल्या एकांनी तर सही चुकीच्या जागी केली. काकांनी चष्मा लावून वाचलं. मग हळूच मराठीत विचारलं, ‘यात भाचा येतो?’

मी म्हटलं, काका, नातेवाईक असं लिहिलंय.

‘बहिणीचा मुलगा. म्हणजे येतोच.’ त्यांनी शाईच्या पेननं दोन ओळी लिहिल्या, विषय 3 मधला एक कोटेशनवाला माझा भांजा आहे, म्हणून मी चर्चेत भाग घेणार नाही. कागद माझ्याकडे दिला, उठले आणि बाहेर पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले. दार अर्धं उघडं होतं, मला त्यांची चप्पल दिसत होती.

आत चार. दोन मिनिटं कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग अकाउंटवाल्यानं मोजलं. ‘सर, कोरम?’

मग जे झालं ते ऐका. ‘अरे बुला लो अंदर, अपने ही आदमी हैं।’ ‘उपस्थिति में तो साइन है ना, बस।’ एक सज्जन म्हणाले की आम्ही फुकट येतो, आमच्याकडून असले फॉर्म भरून घेताय? मला ट्रेनिंगमधलं आठवलं, 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकाची जी व्याख्या आहे त्यात सार्वजनिक कर्तव्य करायच्या पदावर बसलेला माणूसही येतो, पगार घेणाराच असं नाही. पण हे मी तिथे बोलले नाही. अध्यक्ष साहेबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे फॉर्म तुझा, आता तूच निस्तर. मी एवढंच म्हटलं, ‘सर, उन्होंने लिखकर दे दिया है।’

मीटिंग स्थगित. टाईप केलेलं विवरण पहिल्यांदा फाडावं लागलं.

पुढची मीटिंग जुलैत लागली, तोवर पाऊस सुरू झाला होता. कोटेशनांची मुदत संपलेली, नवीन मागवली, भाच्यानं भरलंच नाही आणि कूलर महाग पडले. अख्खा मे महिना ओपीडीतल्या बायका पोरांना घेऊन गेटबाहेर पाणी विकत घेत होत्या आणि येताजाता कंपाउंडर मला ऐकवायचा, ‘मॅडम का फॉर्म पी लो।’ काकांनी तब्येतीचं कारण देऊन राजीनामा पाठवला. गणपतीत मी त्यांच्या घरी गेले होते, भाच्यानं चहा आणून दिला आणि विचारलं, ‘ताई, रेट आमचाच कमी होता ना?’ मी हो म्हटलं. काका म्हणाले, ‘अगं, साखर बघ, जास्त झाली असेल.’ विषय संपला.

मला राग याचा येतो की फॉर्मनं पकडलं कोणाला, तर ज्याला पकडायची गरजच नव्हती त्याला. पर्यायी मेंबर ठेवा, कोरमचा नियम बदला, विषयसूचीबरोबर फॉर्म आधीच घरी पाठवा म्हणजे कळेल तरी, अशी नोटशीट मी दोनदा टाकली. दोन्ही वेळा ‘चर्चा करें’ लिहून परत आली. चर्चा कोणाशी ते लिहिलेलं नाही.

काकांच्या जागी नवीन मेंबर आलेत. काल मीटिंग होती, विषय 5 गाडी स्टँडचा ठेका. त्यांनी फॉर्म हातात घेतल्या घेतल्या विचारलं, ‘इसमें निरंक लिखना है ना?’ आणि लिहिलं. आमचा ड्रेसर सांगतो की स्टँड त्यांच्या मेहुण्याचंच आहे, फक्त नाव दुसऱ्याचं. कागदावर काहीही नाही. विवरण सहीसाठी उद्या सकाळी वर पाठवायचंय, विषय 5 च्या पुढे मी अजून जागा रिकामी ठेवली आहे.