काकडीचा घोडा, वांग्याची गाय

परदेशी राहायला जाणाऱ्या माणसाला खानदेशात सल्ल्यांची वाण पडत नाही. नोकरीनिमित्त आमचे बिऱ्हाड जळगावहून टोकियोला हलणार, ही बातमी गल्लीत पसरल्यापासून नियमांच्या याद्या येऊ लागल्या आहेत: चपला दाराशीच काढा, रेल्वेत फोनवर बोलू नका, बक्षिसी देऊ नका, भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचू नका. याद्या खोट्या नाहीत. आठवडाभराच्या पाहुण्याला त्या पुरतातही. राहायला जाणाऱ्याने मात्र नियमामागचे कारण शोधावे, असे माझे मत होत चालले आहे.

काड्यांचेच पाहा. वाडगाभर भातात उभ्या खोचलेल्या काड्या तिथे मृताच्या नैवेद्यात असतात, म्हणून जेवताना त्या तशा ठेवणे अशुभ. आपल्या काड्यांतला घास दुसऱ्याच्या काड्यांत द्यायचा नाही, यामागेही अंत्यविधीच आहे. दहनानंतर नातलग काड्यांनीच अस्थी वेचून कलशात ठेवतात. सुरुवात पायांपासून करतात आणि डोक्याचे अस्थी शेवटी ठेवतात, म्हणजे गेलेला माणूस कलशात उलटा राहत नाही. ज्याने आपल्याकडे सावडायला जाऊन राखेतून अस्थी उचलल्या आहेत, त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही, जेवणाच्या ताटावर त्याचा हात आपोआपच आखडतो.

त्यांच्या ओबोन सणाची माहिती वाचताना तर आखाजीच, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आठवली. ओबोनमध्ये पूर्वज काही दिवसांसाठी घरी येतात, अशी श्रद्धा आहे. देशाच्या बहुतेक भागांत हा सण ऑगस्टच्या मध्याला होतो. पण १८७३ मध्ये जपानने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारल्यापासून टोकियोतली अनेक घरे तो जुलैतच उरकतात. कित्येक घरांत काकडीला आणि वांग्याला काड्यांचे चार-चार पाय लावून पूर्वजांसाठी वाहने करतात. काकडीचा घोडा, कारण त्यांनी घरी लवकर पोहोचावे, आणि वांग्याची गाय, कारण परतताना त्यांनी सावकाश जावे. भरिताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला वांग्याचा हा उपयोग सुचला नव्हता, हे कबूल करायला हवे. आपण आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतो, तिच्यावर डांगर ठेवतो, नैवेद्य दाखवतो; पण त्यांच्या परतीच्या प्रवासाची इतकी तजवीज करत नाही. त्याच दिवसांत आपल्याकडे माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत असतात. तिकडे रात्री मोकळ्या जागेत उंच मचाण उभारून त्याभोवती सगळा मोहल्ला फेर धरून नाचतो. पितर आलेले असताना घरात सुतकी चेहरे नसतात, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी, आणि मला ती फार आवडते.

अशी साम्ये सापडू लागली की माणूस सुखावतो आणि मग त्याला जागोजागी आपलेच गाव दिसू लागते. टोकियोच्या असाकुसा भागातल्या मात्सुचियामा शोदेन मंदिरात गजमुख कांगितेन आहे, म्हणजे भारतातून चीनमार्गे तिथे पोहोचलेला आपला गणपती. त्याला नैवेद्य मुळ्याचा. कांगितेनची मूर्ती बहुधा दोन गजमुख आकृत्यांच्या आलिंगनाची असते, हे कळताच आमच्या घरी एरंडोलजवळच्या पद्मालयाचे नाव निघाले, कारण तिथेही एकाच गाभाऱ्यात डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती आहेत. पण साम्य तिथेच संपते. कांगितेन गुप्त ठेवलेला देव आहे. भाविकांना मूर्तीचे दर्शन होत नाही, बंद देव्हाऱ्यापुढेच हात जोडावे लागतात. दहा दिवस मांडवात बसून गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या ओळखीचा होणारा गणपती आणि हा देव एकच आहेत, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अजिंठ्याचा धागा त्या मानाने बळकट आहे. नारा शहराजवळच्या होर्यूजी मठातील भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक अजिंठ्याशी करत आले आहेत. अराई कांपो हा जपानी चित्रकार १९१६ मध्ये भारतात आला आणि त्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. होर्यूजीची चित्रे २६ जानेवारी १९४९ रोजी आगीत होरपळली. पुढच्याच वर्षी तिथे सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि आजही त्या तारखेला देशभरातल्या देवळांत आग विझवण्याच्या कवायती होतात. म्हणजे आपण झेंडावंदनाहून परतत असू, तेव्हा तिकडे देवळाच्या छपरांवर पाण्याचे फवारे उडत असतील.

सध्या माझा अभ्यास स्वयंपाकघरात आला आहे. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, साध्या दिसणाऱ्या रश्शातही बहुधा वाळवलेल्या माशाच्या कापांचा अर्क असतो. बौद्ध मठांतल्या स्वयंपाकात मात्र त्याऐवजी कोंबू नावाचे समुद्रशैवाल आणि वाळवलेली शिताके अळंबी वापरतात. आई माळकरी आहे आणि पहिले काही आठवडे सोबत राहणार आहे, म्हणून हे जिन्नस मागवून एकदा तसा रस्सा केला. तिने चाखून तो वाईट नसल्याचे सांगितले. आता त्यात काळा मसाला किती घालावा, यावर तिची आणि शेजारच्या काकूंची चर्चा चालू आहे.